पालवणकर बाळू: बाबासाहेबांनी गौरवलेला, बाबासाहेबांविरुद्ध लढलेला

१९३७ च्या सुरुवातीला मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली. भायखळा-परळच्या कामगारवस्तीतून स्वतंत्र मजूर पक्षातर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. राखीव जागेसाठी काँग्रेसने त्यांच्यासमोर साठी गाठलेला एक माणूस दिला, ज्याचे नाव मुंबईतल्या शाळकरी पोरांनाही पाठ होते. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, त्या माणसाला ११,२२५. फरक अवघा २,०२० मतांचा. तो माणूस म्हणजे पालवणकर बाळू, भारताचा पहिला मोठा गोलंदाज.

आपल्या चळवळीतल्या काही तरुणांना बाळू एवढेच माहीत असतात: बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिलेला काँग्रेसचा माणूस. दुसरीकडे क्रिकेटचा मोसम आला की मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात ते पहिला दलित क्रिकेटवीर म्हणून येतात आणि त्यात १९३२ चा किंवा १९३७ चा उल्लेखही नसतो. पहिल्यांना मैदानावरचे बाळू नको आहेत, दुसऱ्यांना राजकारणातले. आम्हाला वाटते, त्यांचे राजकारण मैदानावरच घडले. म्हणून हे आयुष्य सुरुवातीपासून सांगायला हवे.

नावातच गाव आहे. पालवण, रत्नागिरी जिल्हा. घराणे चर्मकारांचे. बाळूंचा जन्म मात्र १८७६ साली धारवाडला झाला, कारण वडील लष्कराच्या नोकरीत होते. इथे आपल्या वाचकांना दुसरे एक घर आठवेल. आंबडवे हे गावही रत्नागिरी जिल्ह्यातलेच, मंडणगड तालुक्यातले. तिथल्या रामजी सुभेदारांच्या मुलाचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला. कोकणातली अस्पृश्य माणसे गावकी सोडून बाहेर पडली ती बहुधा पलटणीच्या आधाराने. छावणीत पगार होता, मुलांना चार अक्षरे शिकायला मिळत होती, आणि गावात घालावा लागणारा जोहार निदान थोडा दूर राहत होता. बाबासाहेबांना छावणीच्या वातावरणातून पुस्तक मिळाले. बाळूंना चेंडू मिळाला.

कुटुंब पुण्याला आले तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात लागले, चार रुपये पगारावर. जाळी बांधणे, पट्टे आखणे, टेनिसची मैदाने तयार करणे ही कामे. साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणारा कोणीतरी हवाच असे, आणि तो नोकर असला तरी चालत असे. तासन्‌तास गोलंदाजी बाळूंनी करायची, फलंदाजी साहेबांनी. त्या जाळ्यात बाळूंच्या हाती कधी कोणी बॅट दिली नाही.

तिथे कॅप्टन ग्रेग नावाचा मोठा फलंदाज रोज सरावाला येई. प्रत्येक वेळी आपल्याला बाद केल्यावर तो बाळूंना आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. आठ आण्यांचे खरेखोटे काही असो, या नोकरीने एका मुलाला जगातल्या उत्तम फलंदाजांसमोर हजारो चेंडू टाकायला लावले. डावखुरी संथ गोलंदाजी, दोन्ही बाजूंनी वळणारी, टप्प्यावर विलक्षण हुकूमत. चार रुपयांच्या मजुरीत बाळू जे शिकले ते पैसेवाल्यांच्या जिमखान्यात पैसे देऊनही शिकता आले नसते.

पुण्याच्या हिंदूंचा क्लब युरोपियनांशी सामने खेळू लागला, तेव्हा हा माणूस आपल्या संघात घ्यायचा का, यावर खल झाला. काही सदस्यांना विटाळाची भीती होती, काहींना हरण्याची. हरण्याची भीती जिंकली आणि बाळूंना संघात घेतले गेले. पण कसे? मैदानावर अकरा जण तोच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी दहा जण आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या मेजावर. तोंड धुवायचे तर पाणी आणून द्यायला अस्पृश्य नोकर.

क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो. ज्या कातड्याला हात लावतो म्हणून चांभार अस्पृश्य, तेच कातडे शिवून लाल रंगवले की ब्राह्मणांपासून प्रभूंपर्यंत सगळे ते हातात घेत होते, लकाकी यावी म्हणून कपड्याला घासत होते. विटाळ वस्तूला नव्हता, माणसाला होता, हे यापेक्षा उघडे करून दाखवता येणार नाही.

साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धचा सामना त्या काळी गाजला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून ती कडक केली होती. तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. परतल्यावर सत्कार झाले. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंना हार घातला, पुढे लोकमान्य टिळकांनीही जाहीर कौतुक केले, असे क्रिकेटच्या इतिहासकारांनी नोंदवले आहे. हार घालायला हरकत नव्हती. कपाचे काय ते हळूहळू बघायचे होते.

१८९६ साली प्लेग आला आणि बाळू पुणे सोडून मुंबईत आले. बी.बी. अँड सी.आय. रेल्वेकडून आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. जिमखान्यातही त्यांना घेण्यास काहींचा विरोध होता, आणि तो विरोधही अखेर बळींच्या आकड्यापुढे नमला. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंचे दोन डावांत मिळून आठ बळी. शिवरामही त्या संघात होते. बंगालच्या फाळणीविरुद्ध स्वदेशीची चळवळ पेटलेली होती, त्यामुळे विजयाचा आनंद देशभर झाला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारणावादी पत्राने या विजयावर अग्रलेख लिहिला आणि चांभार भावांना संघात घेऊन पंगतीला बसवणे हीच खरी कमाई असल्याचे मांडले. तोवर मुंबईच्या जिमखान्यात बाळू इतरांबरोबर जेवू लागले होते.

हा प्रवास नीट पाहा. बाहेरच्या मडक्यापासून आतल्या मेजापर्यंत यायला सुमारे दहा वर्षे लागली. यातली प्रत्येक पायरी बाळूंनी बळी घेऊन कमावली, पण पुढची पायरी द्यायची की नाही हे दर वेळी समोरच्यांनी ठरवले. बाळूंच्या मनात यातून काय रुजले असेल, याचा अंदाज पुढच्या घटनांवरून येतो.

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग. महाराजांना खेळापेक्षा दरबारी गाठीभेटींत रस जास्त होता आणि बऱ्याचशा सामन्यांत ते उतरलेच नाहीत. संघ पराभवामागून पराभव घेत होता. प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांत १० हरले, दोन जिंकले, दोन अनिर्णित राहिले. या पडझडीत पस्तिशीतले बाळू दुखऱ्या खांद्यानिशी गोलंदाजी करत राहिले. प्रथम दर्जाच्या सामन्यांत ७५ बळी, सरासरी २०.१२. सगळे सामने धरले तर ११४ बळी, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी. लीस्टरशायरविरुद्ध पहिला विजय मिळाला त्याचे मोठे श्रेय त्यांच्या गोलंदाजीचे, आणि सॉमरसेटविरुद्ध एका गड्याने दुसरा विजय मिळाला तेव्हा शिवराम ११३ धावा काढून नाबाद होते. राजेमहाराजे, जमीनदार, श्रीमंत पारशी यांनी भरलेल्या त्या संघाची लाज पालवणच्या दोन भावांनी राखली. इंग्लंडच्या जाणकारांनी बाळूंची तुलना विल्फ्रेड ऱ्होड्सशी केली. त्या काळात डावखुऱ्या गोलंदाजाला यापेक्षा मोठी पावती नव्हती.

परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला, मानपत्र दिले. हे मानपत्र तयार करण्यात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांचा पुढाकार होता, आणि बाबासाहेबांच्या सार्वजनिक जीवनातला हा बहुधा पहिला प्रसंग होता, असे मानले जाते. तेव्हा अस्पृश्य समाजाकडे देशभर नाव झालेला माणूस असा एकच होता. महाड व्हायला अजून सोळा वर्षे होती. आपल्यातला कोणी साहेबाच्या देशात जाऊन साहेबालाच त्याच्या खेळात चकवतो, ही गोष्ट चाळींमध्ये किती सांगितली गेली असेल याची कल्पना करता येते. तरुण बाबासाहेबांनाही या माणसाचा अभिमान होता.

मग कर्णधारपदाचा प्रश्न आला. १९१० नंतर जवळजवळ दर वर्षी बाळूंना हिंदू संघाचे कर्णधार करावे अशी मागणी होत राहिली. ज्येष्ठता त्यांची, बळी त्यांचे, खेळाची समज त्यांची. कर्णधारपद मात्र उच्चवर्णीयांकडेच गेले. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतः सत्कारसमारंभात सांगून टाकले की हा मान बाळूंचा होता. पै सरळ माणूस होते, पण जिमखान्याची निवड समिती सरळ नव्हती. नोकराने गोलंदाजी करावी हे पुण्याच्या जिमखान्यापासून सर्वांना मान्य होते. त्याने क्षेत्ररक्षण लावावे, ब्राह्मणाला इकडे उभा राहा, तिकडे जा असे सांगावे, हे सहन होणारे नव्हते. एका पंगतीला बसवणे परवडत होते, हुकूम ऐकणे परवडत नव्हते.

१९२० साली हे उघड्यावर आले. चौरंगी सामन्यांसाठी बाळूंना वगळले गेले. पै आजारी होते, म्हणून कर्णधारपद पुण्याचे दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल तेव्हा मोठे फलंदाज म्हणून नावाजलेले होते, पण त्यांचा विचार झाला नाही. यावर शिवराम आणि विठ्ठल संघातून बाहेर पडले आणि जनतेसमोर निवेदन ठेवून त्यांनी कारण स्पष्ट सांगितले: जात. भारतीय क्रिकेटमध्ये जातीच्या प्रश्नावर खेळाडूंनी केलेला हा पहिला उघड बहिष्कार म्हणावा लागेल. आमच्या मते तो आपल्या चळवळीच्या इतिहासात लिहिला जायला हवा. सामन्यांना गर्दी करणाऱ्या प्रेक्षकांचा दबाव आला, पै बरे होऊन परतले, पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत घेतले गेले, भाऊही आले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरते बाळूंनी नेतृत्व केले. कारकिर्दीच्या अखेरीस मिळालेले ते तेवढे काही क्षण. प्रथम दर्जाचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१ हा त्यांचा हिशेब तिथेच संपतो. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला, तेव्हा चाहत्यांनी त्यांना खांद्यावर घेतले. थोरल्या भावाला जे मिळाले नाही ते धाकट्याला मिळाले.

बाळूंनी यातून काढलेला निष्कर्ष असा दिसतो की हिंदू समाज बदलतो, सावकाश बदलतो, पण आत राहून जोर लावला तर बदलतो. मडके गेले, कप आला. पंगत आली. शेवटी भावाला कर्णधारपदही आले. ज्याने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले त्याला गांधींच्या हरिजनकार्यावर विश्वास वाटला, यात आम्हाला नवल वाटत नाही. बाबासाहेबांनी मात्र महाडला तळे पाहिले, नाशिकला काळाराम मंदिराचा बंद दरवाजा पाहिला. ज्यांच्याकडे बळी घेण्याची कला नाही अशा लाखो माणसांचा प्रश्न त्यांच्यासमोर होता. एका असामान्य माणसासाठी दार किलकिले होते, पण सामान्यांसाठी कायदा आणि सत्ताच लागते, हा त्यांचा विचार होता.

१९३२ मध्ये हे दोन रस्ते समोरासमोर आले. बाबासाहेब गोलमेज परिषदेतून स्वतंत्र मतदारसंघांसाठी झगडत असताना एम. सी. राजा आणि हिंदू महासभेचे डॉ. मुंजे यांनी संयुक्त मतदारसंघ व राखीव जागांचा करार केला. बाळूंनी त्या कराराची बाजू घेतली. ऑगस्टमध्ये जातीय निवाडा जाहीर झाला, २० सप्टेंबरला गांधींनी येरवड्यात उपोषण सुरू केले, आणि २४ तारखेला पुणे करार झाला. त्या करारावर सह्या करणाऱ्यांत बाबासाहेबांबरोबर पी. बाळू हेही नाव आहे. सही एकाच कागदावर झाली, पण बाबासाहेबांची सही गांधींच्या प्राणाचे ओझे खांद्यावर टाकून घेतलेली होती आणि बाळूंची त्यांच्या खुशीची.

पुढे १९३३ मध्ये बाळू हिंदू महासभेच्या तिकिटावर मुंबई महापालिकेची निवडणूक लढले आणि हरले. तिकडे त्यांच्या मूळ जिल्ह्यात सावरकर स्थानबद्ध होते आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ साली उभे राहिलेले पतितपावन मंदिर सर्वांना खुले झाले होते. मंदिर उघडून, सहभोजने घालून अस्पृश्यता संपेल या विचाराची तेव्हा चलती होती, आणि बाळू त्या विचाराचे होते. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा बाळूंनी धर्मांतराला विरोध केला. तो मार्ग अस्पृश्यांच्या नाशाचा आहे असे त्यांना वाटत होते. आपण त्या मार्गाने आलेली माणसे आहोत. बाळू इथे साफ चुकले, हे सांगताना आम्हाला संकोच नाही.

मात्र १९३७ च्या लढतीचा आपल्याकडे अनेकदा महार विरुद्ध चांभार असा हिशेब मांडला जातो, तो आम्हाला मान्य नाही. काँग्रेसला तो हिशेब हवाच होता. बाबासाहेबांविरुद्ध अस्पृश्यांमधलाच, पण दुसऱ्या जातीचा, लोकप्रिय माणूस उभा करायचा, ही युक्ती तेव्हा वापरली गेली आणि १९५२ च्या लोकसभेला नारायण काजरोळकरांच्या रूपाने पुन्हा वापरली गेली. त्या वेळी ती यशस्वीही झाली. पण बहिष्कृत हितकारिणी सभेचे चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर चर्मकार होते आणि बाबासाहेबांच्या अगदी जवळचे होते. पुणे करारावर बाळूंसोबत सही करणारे, त्याच समाजातले पां. ना. राजभोज पुढे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनमध्ये आले. माणसे जातीमुळे इकडे किंवा तिकडे गेली असे म्हणणे म्हणजे आपणच जातीला शेवटचा शब्द देणे आहे. चर्मकार वस्तीत बुद्धजयंतीचे निमंत्रण घेऊन जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हा प्रश्न आजही भेटतो. तिथे बाळूंच्या नावाने तोंड फिरवून काही साधत नाही. काही मंडळी बाळूंना बाबासाहेबांच्या जागी उभे करू पाहतात, त्यांना १९२० चे ते निवेदन दाखवावे. पालवणकर भावांनी तिथे हिंदू जिमखान्याला जातीचेच कारण दिले होते.

बाळूंना देश विसरला, तो फार लवकर. क्रिकेटच्या पुस्तकांत रणजीसिंहजी राहिले, नायडू राहिले. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडाजीवन’ या आत्मचरित्रात घरची हकिगत मराठीत लिहून ठेवली होती, तीही फारशी कोणी वाचली नाही. रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास इंग्रजीत लिहिला आणि बाळू पुन्हा उजेडात आले. त्याच्या एक वर्ष आधी ‘लगान’ चित्रपट आला होता. त्यातला कचरा हा अस्पृश्य गोलंदाज पाहून अनेकांना बाळू आठवतात. आम्हाला ती तुलना आवडत नाही. कचऱ्याचा चेंडू वळतो तो हाताच्या व्यंगामुळे, आणि त्याला संघात आणतो तो मोठ्या मनाचा नायक. बाळूंचा चेंडू वळायचा तो वर्षानुवर्षे उन्हात साहेबांना गोलंदाजी करून कमावलेल्या बोटांमुळे, आणि त्यांना संघात घेणाऱ्यांचे मन मोठे नव्हते, त्यांना सामना जिंकायचा होता.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. सांताक्रूझला अंत्यसंस्काराला खासदार आले, क्रिकेटपटू आले. नागपूरच्या १४ ऑक्टोबरला अजून पंधरा महिने होते. प्रभादेवीत आज पी. बाळू मार्ग आहे. कोकणातून येणारी आपली माणसे दादरला उतरून त्या भागात कामाला जातात.